शाळेचे दार आणि घराचा उंबरठा : ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले यांचे जीवनकार्य

अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हटले की सोलापूरबाहेरच्या माणसाला चादरी आणि टॉवेल आठवतात. आम्हा इथल्या माणसांना मात्र त्या चादरीमागचे हात आठवतात. आमच्याकडे पुरुषमंडळी मागावर जातात, बाया कांड्या भरतात, टॉवेलच्या कडा शिवतात आणि कित्येकजणी घरी बसून विड्या वळतात. याच रस्त्याने पुढे गेले की कुंभारी लागते. तेथे विडी कामगार भगिनींसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती घरे त्यांना मिळाली. कष्टकरी बाईला हक्काचे छप्पर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु छप्पर मिळाले म्हणून त्याखालची मुलगी शाळेत गेलीच, असे होत नाही. आजचा हा लेख त्याविषयी आहे.

मी या भागातील मुलांना शिकवणारी एक शिक्षिका आहे. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. दरवर्षी ३ जानेवारीला आम्ही शाळेत सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालतो. मुली भाषणे करतात. आठवीतल्या एका मुलीचे भाषण गेल्या वर्षी फार चांगले झाले होते. यंदा ती मुलगी जयंतीला नव्हती, दिवाळीनंतर ती शाळेतच आली नव्हती. मी तिच्या घरी गेले. भिंतीवर भगवान बुद्ध, बाबासाहेब आणि सावित्रीबाई अशा तिघांच्या तसबिरी होत्या. तसबिरींखाली मायलेकी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. आई शिक्षणाच्या विरोधात नव्हती. पोरगी हाताशी असली की हजार विड्यांची भरती वेळेत होते, नाही तर होत नाही, एवढाच तिचा हिशेब होता. मला त्या माउलीवर रागावता आले नाही, कारण माझी आईही विड्याच वळत होती.

परत येताना एकच विचार मनात घोळत राहिला. शाळा आहे, फी नाही, कायदा आहे, भिंतीवर सावित्रीबाई आहेत, तरी मुलगी घरात. मग सावित्रीबाईंनी नेमके काय केले होते? त्यांनी फक्त शाळेचे दार उघडले होते काय? त्या दृष्टीने मी त्यांचे चरित्र पुन्हा वाचले. जे उमगले ते आपल्यापुढे ठेवते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. गाव आज खंडाळा तालुक्यात आहे. घर खाऊन-पिऊन सुखी असले तरी त्या काळी शूद्राच्या मुलीला अक्षराची ओळख करून देण्याचा प्रश्नच नव्हता. बाईने शिकले की धर्म बुडतो, घरावर अरिष्ट येते, अशी समजूत धर्ममार्तंडांनी लोकांच्या हाडीमाशी भिनवली होती. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. सासरी आली तेव्हा ही मुलगी निरक्षर होती. पुढे हजारोंना अक्षर देणारी बाई स्वतः लग्नानंतर अक्षर शिकली, ही गोष्ट आपल्या आयाबहिणींनी लक्षात ठेवावी. शिकण्याचे वय निघून गेले असे म्हणणाऱ्या प्रत्येक सुनेला सावित्रीबाई हे उत्तर आहे.

जोतीरावांनी त्यांना शिकवले. जोतीरावांना लहानपणापासून सांभाळणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर याही त्यांच्याबरोबर शिकल्या. पण घरच्या शिकवणीवर हे थांबले नाही. तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले. हे मी एक शिक्षिका म्हणून मुद्दाम सांगते. शिकवणे हे केवळ परोपकाराचे काम नसून ते एक शास्त्र आहे, त्याची तयारी करावी लागते, ही जाणीव त्या जोडप्याला तेव्हापासून होती.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, मुलींची शाळा सुरू झाली. मिशनऱ्यांनी मुलींना शिकवण्याचे प्रयत्न त्याआधीही केले होते. परंतु शूद्र समाजातल्या एका तरुण जोडप्याने, सनातन्यांच्या बालेकिल्ल्यात, स्वतःच्या हिमतीवर मुलींसाठी शाळा काढावी हे अघटित होते. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. वाचकहो, सतरा वर्षे म्हणजे आज आपली मुलगी बारावीला असते. त्या वयात ही मुलगी खडू हातात घेऊन वर्गापुढे उभी राहिली. त्याच वर्षी महारवाड्यातही शाळा निघाली आणि तिथे सगुणाबाईंनी शिकवले.

पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकले गेले, चिखल फेकला गेला, खडे मारले गेले. त्या एक जादा लुगडे जवळ बाळगीत. शाळेत पोचल्यावर खराब झालेले बदलीत आणि शिकवायला लागत. हा प्रसंग आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्यात सर्वांत मोठी गोष्ट कोणती? शेण सोसले ही तर आहेच. मला मात्र दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच वाटेने गेल्या ही गोष्ट मोठी वाटते. एक दिवसाचे धैर्य पुष्कळांना येते, पण रोजचे धैर्य येत नाही. शाळा तर रोज भरते.

बाहेरच्यांनी दगड मारले, तसे घरही सुटले. लोकांच्या दडपणाखाली सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, १८४९ साली या दोघांना घराबाहेर जाण्यास सांगितले. शाळा सोडा किंवा घर सोडा, असा तो पेच होता. त्यांनी घर सोडले. उस्मान शेख या मुसलमान मित्राने त्यांना आसरा दिला. ज्यांना स्वतःच्या जातीने टाकले, त्यांना परक्या म्हटल्या जाणाऱ्या घराने जवळ केले, हे विसरून चालणार नाही.

आता कामाचा पसारा पाहा. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची नवी शाळा उघडली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या. थोड्याच काळात ती संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी या तीन शाळांच्या मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा शाळांत २३७ मुली होत्या आणि परीक्षा पाहायला सुमारे तीन हजार लोक जमले होते. ज्या शहरात बाईच्या हाती पुस्तक दिसणे हे पाप होते, त्या शहरात मुलींची परीक्षा पाहायला गर्दी लोटली.

आठाच्या अठ्ठेचाळीस मुली कशा झाल्या? आपोआप झाल्या नाहीत. शिक्षकाच्या पेशात असणाऱ्याला पटावरच्या एका नावामागची पायपीट कळते. एकेका घरी जावे लागते, बापाची समजूत घालावी लागते, सासूच्या शिव्या खाव्या लागतात, आलेली मुलगी चार दिवसांनी आली नाही तर पुन्हा जावे लागते. दार उघडे ठेवून आत बसणाऱ्याची शाळा भरत नाही. सावित्रीबाई शाळेच्या दारातून निघून घरांच्या उंबरठ्यापर्यंत गेल्या, म्हणून ती शाळा भरली.

स्वतःच्या माहेरचा उंबरठाही त्यांना सोपा नव्हता. १८५६ साली त्या आजारी पडून नायगावला गेल्या होत्या. तेथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. धाकट्या भावाने त्यांना बोल लावला होता की महार-मांगांसाठी काम करता म्हणून जातीने तुम्हांला वाळीत टाकले ते योग्यच झाले, भटजी सांगतील तसे वागावे. सावित्रीबाईंनी आजारपणातही त्याला सोडले नाही. गाईबकऱ्यांना तू कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस आणि तुझ्यासारख्याच हाडामांसाच्या माणसाला अस्पृश्य मानतोस, याचे कारण काय, असे त्यांनी विचारले. सोवळ्यातला ब्राह्मण तुलाही शिवून घेत नाही, तेव्हा तू त्याच्या लेखी महारच ठरतोस, हेही त्यांनी दाखवून दिले. भाऊ निरुत्तर झाला. त्याच पत्रात आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल याची काळजी त्यांनी व्यक्त केली आहे. अंथरुणाला खिळलेल्या बाईला शाळेतल्या सोबतिणीच्या कामाचा भार आठवत होता. शिक्षिकेचे मन असे असते.

आता मी आपणांस त्यांच्या एका विद्यार्थिनीकडे नेते, कारण आपल्या नियतकालिकाच्या वाचकांना तिच्याशी फार जवळचे नाते वाटेल. तिचे नाव मुक्ता साळवे. लहुजी वस्ताद साळवे यांच्या घराण्यातली, मांग समाजातली ही चौदा वर्षांची मुलगी. तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे थंडीवाऱ्यातले हाल तिने त्यात मांडले. आणि मग त्या पोरीने एक विलक्षण तर्क केला. वेद हे ब्राह्मणांचे, आम्हांला तर ते पाहण्याचीही मुभा नाही. मग ज्यांना स्वतःचे धर्मपुस्तकच नाही, ते आम्ही धर्मावाचूनचे आहोत हे उघड आहे. तेव्हा आमचा धर्म कोणता ते आम्हांला कळू दे, असे तिने देवालाच विचारले.

वाचक बंधू-भगिनींनो, क्षणभर थांबा. हा प्रश्न कोणा पंडिताचा नव्हे. काही वर्षे शाळेत गेलेल्या एका मांगाच्या पोरीचा तो आहे. शतकानुशतके जो प्रश्न आपल्या पूर्वजांच्या छातीत घुसमटत होता, तो तिच्या लेखणीतून बाहेर आला, कारण कोणीतरी तिच्या हाती लेखणी दिली होती. तिला देवाकडून उत्तर मिळाले नाही. उत्तर यायला एकशे एक वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो बांधवांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला, आणि ज्याला कोणाचा विटाळ नाही, ज्यात कोणाला वाचायची बंदी नाही, असा धर्म मुक्ताच्या भावंडांना लाभला. दीक्षाभूमीचा रस्ता सावित्रीबाईंच्या वर्गातूनही गेला आहे, असे मी म्हणते ते यासाठी. ज्याला प्रश्न विचारता येतो तोच धर्म बदलू शकतो, आणि प्रश्न विचारायला शाळा शिकवते.

हे काम पुढे सुरळीत चालले असे समजू नका. १८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणगीदारांचा ओघ आटला, पैशाची चणचण पडली आणि या शाळा चालवणे कठीण झाले. पण जोडप्याचे काम थांबले नाही, त्याला दुसरे फाटे फुटले. १८६३ साली त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, जीव देऊ नये आणि पोराचा जीव घेऊ नये, यासाठी ते होते. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्यातही सावित्रीबाई आघाडीवर होत्या.

१८८२ साली सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. मुलींच्या शाळेत आपण व आपली पत्नी दोघांनी मिळून पुष्कळ वर्षे काम केले, असे त्यात त्यांनी नमूद केले. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आणि त्याच निवेदनात असे एक निरीक्षण आहे की ते वाचून मला विडी वळणारी ती मुलगी आठवली. गरीब शेतकरी मुलांना शाळेत का पाठवत नाहीत, तर त्यांना गुरे राखायला आणि शेतावर मुलांचे हात लागतात. म्हणून अशा मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे दिली पाहिजेत, तरच ती येतील. म्हणजे या जोडप्याला कळले होते की मुलीला दोन शत्रू अडवतात. एक शत्रू पोथीत बसलेला असतो, दुसरा चुलीपाशी. पोथीशी वाद घालता येतो. चुलीला मात्र काहीतरी द्यावे लागते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाने अंत्यविधी करण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून प्रेतयात्रेपुढे चालल्या. त्यानंतर १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरच्या बाजूला, ससाण्यांच्या माळावर, रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. बाबासाहेबांना तेव्हा सहावे वर्ष चालू होते.

या मरणाकडे नीट पाहा. पन्नास वर्षांपूर्वी त्या महारवाड्यातल्या मुलांपर्यंत अक्षर घेऊन गेल्या होत्या. शेवटच्या दिवसांतही त्या महारवाड्यातच गेल्या आणि मुलाला उचलून घेऊन आल्या. त्यांचे सारे जीवन या एका कृतीत सामावले आहे. जे मूल येऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण जायचे आणि त्याला घेऊन यायचे.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तेथे बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना मुलांना शिक्षण द्या आणि मुलींची लग्ने उरकण्याची घाई करू नका, असा उपदेश केला. फुले दांपत्याचाच वसा पुढे चालला होता. आज पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आहे. जोतीरावांनी मागितलेले बारा वर्षांचे वय कायद्याने ओलांडले. परंतु चौदाव्या वर्षी कायद्याचा हात सुटतो, आणि नेमकी त्याच वयात मुलगी विडीच्या सुपापाशी किंवा शिलाई मशीनपाशी बसते. त्यापुढचे काम समाजाचे आहे, म्हणजे तुमचे आणि माझे आहे.

म्हणून माझी आपणांस नम्र सूचना आहे. रविवारी विहारात वंदना झाली की पाच मिनिटे आणखी बसावे. आपल्या गल्लीतील कोणती मुलगी शाळेत जात नाही, एवढाच प्रश्न विचारावा. नाव निघाले की दोघांनी तिच्या घरी जावे, त्यात एक बाई असावी. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे की नाही ते पाहावे, जातीचा दाखला नसेल तर तो काढून द्यावा. संध्याकाळी विहारात दिवा आणि सतरंजी असतेच, तेथे मुलींना अभ्यासाला बसू द्यावे. घरात जागा नसते, विहारात असते. आणि ज्या घरात चुलीचा हिशेब जुळत नाही, तेथे भाषण न करता वह्या, गणवेश आणि परीक्षेची फी यांचा भार चार घरांनी वाटून घ्यावा. जयंतीच्या मिरवणुकीतला एक बँड कमी केला तरी पुष्कळ होईल.

त्या मुलीच्या घरी मी चार वेळा गेले. चौथ्या खेपेस शेजारची एक आजी माझ्याबरोबर आली. ती स्वतः कधी शाळेत गेली नव्हती, पण माझ्यापेक्षा तिचेच बोलणे त्या आईला पटले. मुलगी परत आली आहे. सकाळी शाळा करते, संध्याकाळी आईला हात लावते. लढाई अर्धीच जिंकली आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या वर्गात अजून दोन जागा रिकाम्या आहेत.

आपल्या गावात, आपल्या वसाहतीत अशा किती जागा रिकाम्या आहेत, ते आपण मोजावे. पुढच्या ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालण्यापूर्वी त्यांतली एक तरी जागा भरलेली असावी. त्या माउलीला याहून मोठे अभिवादन नाही.

जय भीम! जय ज्योती! जय सावित्री!